श्रीनगर ते लेह : पन्नास मिनिटे आणि दोन दिवस

श्रीनगरच्या विमानतळापासून लेहच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे २५६ किलोमीटर आहे. आपल्याकडे पुण्याहून सोलापूरला रस्त्याने जेवढे अंतर पडते, जवळजवळ तेवढेच. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात या उड्डाणाला पन्नास-पंचावन्न मिनिटे धरलेली असतात. रस्त्याने मात्र हेच अंतर सुमारे ४२० किलोमीटर भरते, मध्ये कारगिलला मुक्काम करावा लागतो आणि दोन दिवस जातात. २०२२ च्या मे महिन्यात, ईदनंतरच्या सुट्टीत आम्ही या दोन्ही वाटा पाहिल्या. जाताना गाडीने गेलो, येताना विमानाने आलो. "पन्नास मिनिटांचं काम असताना दोन दिवस कशाला घालवलेत?" हा प्रश्न मिरजेत परतल्यावर इतक्या जणांनी विचारला, आणि २०२३ च्या सुट्टीत तिकडे जाणारेही इतके भेटले, की एकदा सविस्तर लिहावे असे ठरले.

आम्ही म्हणजे पाच जण. आम्ही दोघे, दोघेही शिक्षक. नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि अम्मी. अम्मींचे वय सदुसष्ट, ब्लडप्रेशरची गोळी रोजची. लेहला जायची इच्छा खरे तर त्यांचीच. मरहूम अब्बा फौजेत ड्रायव्हर होते. सत्तरच्या दशकात काही वर्षे त्यांनी याच श्रीनगर-लेह रस्त्यावर शक्तिमान ट्रक चालवला. फौजेतून आल्यावर कधी कोकणात लग्नाला जायचे झाले आणि एस. टी. आंबा घाटात वळणे घेऊ लागली की ते म्हणत, "हा कसला घाट, हा तर उतार आहे." अम्मींनी हे वाक्य आयुष्यभर ऐकले, पण ज्या घाटाच्या जोरावर ते बोलत तो कधी पाहिला नव्हता. "मेरेकू वो रस्ता देखना है," एवढेच त्या म्हणाल्या. विमानाने नेऊन आणू, असे आम्ही सुचवले तर उत्तर आले, "ऊपर से क्या दिखता?"

आमच्या डॉक्टरांनी वेगळ्या कारणाने तेच सांगितले. "जा, पण विमानातून थेट लेहला उतरू नका. शरीराला चढू द्या."

ते का, हे समजायला आकडे पाहावे लागतात. श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६५५ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच टोकावर उभे राहिलो तरी आपण श्रीनगरच्या धावपट्टीपेक्षा किंचित खालीच असतो. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवावे तसे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच मानाने कमी. ही चढण विमान पन्नास मिनिटांत करते. फुप्फुसांना, रक्ताला आणि डोक्याला ती जमवून घ्यायला एक-दोन दिवस लागतात. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि धडधाकट तरुणालाही होतो.

मुलीचे अक्षांश-रेखांश नुकतेच शिकून झाले होते, म्हणून निघण्याआधी एका रविवारी नकाशाचे पुस्तक उघडून बसलो. श्रीनगर आणि लेह दोन्ही ३४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर. श्रीनगरचा विमानतळ ७४.७७ अंश पूर्व रेखांशावर, लेहचा ७७.५५ वर. फरक २.७८ अंशांचा. विषुववृत्तावर एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. उत्तरेकडे वर्तुळे लहान होत जातात, म्हणून ३४ अक्षांशावर तो सुमारे ९२ किलोमीटरचा. गुणाकार केला, २५६ आले. मग मगरिबचा हिशेब निघाला. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटे लागतात, म्हणून लेहची मगरिब श्रीनगरच्या सुमारे अकरा मिनिटे आधी. यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे सूर्याला अकरा मिनिटं, विमानाला पन्नास आणि आपल्याला दोन दिवस." हिशेब बरोबर होता.

नकाशावर पट्टी ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. विमानतळांना जोडणारी सरळ रेघ कारगिल गावावरून जात नाही. ती बरीच दक्षिणेकडून, नून आणि कून या जोडशिखरांच्या जवळून आणि सुरू नदीच्या वरच्या खोऱ्यावरून जाते. रस्ता मात्र नद्यांच्या कडेने, खिंड शोधत, उत्तरेकडे मोठा वळसा घेतो. वाढीव १६४ किलोमीटर या वळशाचे आहेत.

श्रीनगरला तीन दिवस राहिलो. दल सरोवर, बागा, हजरतबल हे सगळे पाहतात, आम्हीही पाहिले. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे. झेलमच्या काठावरची खानकाह-ए-मुअल्ला मात्र इथे सांगितली पाहिजे. ही खानकाह मीर सय्यद अली हमदानी यांच्या नावाशी जोडलेली आहे. चौदाव्या शतकात इराणातल्या हमदानहून ते काश्मीरला आले. लोक त्यांना शाह-ए-हमदान म्हणतात. पुढे लेहजवळ शे गावात एक लहानशी मशीद आहे, तीही त्यांच्याच नावाची. इथल्या परंपरेप्रमाणे ते या डोंगरांतून पलीकडे गेले. कसे गेले असतील ते आम्हाला चौथ्या दिवशी थोडेफार कळले.

पहाटे फज्र पढून निघालो. गाडी कारगिलची, ड्रायव्हर कारगिलचाच, पंचविशीतला मुलगा. गांदरबल, कंगन, मग सिंध नाल्याच्या कडेने सोनमर्ग. (हा सिंध नाला झेलमला मिळणारा, सिंधू नदी पुढे लेहच्या बाजूला भेटते. मुलांचा इथे गोंधळ होतो, मोठ्यांचाही.) सोनमर्गपर्यंतचे ८० किलोमीटर म्हणजे सहल. देवदार, कुरणे, मेंढ्या, घोडेवाले. सोनमर्गच्या अलीकडे आणि पलीकडे बोगद्यांची कामे दिसली. अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा, हिमस्खलनाचा टापू टाळून बाराही महिने सोनमर्गला पोहोचवणारा. पलीकडचा थेट जोजिलाच्या पोटातून, बालतालपासून मीनामर्गपर्यंत, तेरा किलोमीटरहून लांब. तो झाला की तासांचा घाट मिनिटांवर येईल.

जोजिला ही खिंड सुमारे ३,५२८ मीटर उंच. आकडा लेहच्या विमानतळापेक्षा फार मोठा नाही. भीती उंचीची नाही, रस्त्याची आहे. डोंगराच्या कड्यात खोदलेली मातीची पट्टी, एका बाजूला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मेमध्येही दोन्हीकडे गाडीपेक्षा उंच बर्फ आणि वितळलेल्या पाण्याचा चिखल. अवघड टप्प्यांत दोन ट्रक समोरासमोर आले तर अडकतात, म्हणून कोणत्या बाजूची वाहने कधी सोडायची ते ठरलेले असते. एक ट्रक चिखलात रुतला होता, त्यामुळे आम्ही साडेतीन तास एका जागी उभे होतो. ड्रायव्हर खाली उतरून इतरांबरोबर फावडे चालवून आला आणि हात धुऊन परत स्टिअरिंगवर बसला, जणू रोजचेच.

याच खिंडीत १ नोव्हेंबर १९४८ ला भारतीय सैन्याने हलके रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील असे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हते. खिंड मोकळी झाली, त्याच महिन्यात द्रास आणि कारगिलची वाट उघडली. लेहला रसद मात्र त्याआधीच आकाशातून पोहोचली होती. सोनम नोरबू या लदाखी इंजिनिअरने गावकऱ्यांच्या मदतीने वाळवंटी पठारावर धावपट्टी तयार केली आणि मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डाकोटा विमान उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. त्या मार्गाचा नकाशा नव्हता आणि विमानात केबिनमधला दाब राखायची सोय नव्हती. लेहचा आजचा विमानतळ त्याच पट्टीचा वारस.

अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. तासभर काही बोलल्या नाहीत, हातात तस्बीह फिरत होती. फौजेच्या ट्रकांची रांग समोरून उतरू लागली तेव्हा त्या प्रत्येक ड्रायव्हरकडे पाहत होत्या. बावीस-तेवीस वर्षांची पोरे, तोंडाला मफलर गुंडाळलेली. रांग संपल्यावर म्हणाल्या, "सच बोलते थे."

खिंड ओलांडली आणि झाडे संपली. एका बाजूला हिरवा काश्मीर, दुसऱ्या बाजूला तपकिरी, कोरडे डोंगर. पावसाचे ढग जोजिलाच्या अलीकडेच रिकामे होतात. द्रासला बोली बदलते, शिना कानावर येते. हे गाव थंडीसाठी प्रसिद्ध आहे आणि १९९९ पासून लढाईसाठी. रस्त्यालगत स्मारक आहे, समोर तोलोलिंगची टेकडी. तिथून हा रस्ता किती उघडा दिसत असेल ते खाली उभे राहिले की लगेच कळते. आम्ही फातिहा पढून पुढे निघालो.

कारगिलला पोहोचेपर्यंत अंधार पडला. श्रीनगरहून अंतर २०२ किलोमीटर, वेळ पंधरा तास.

कारगिलमध्ये बहुतेक प्रवासी फक्त झोपतात. उशिरा येतात, पहाटे निघतात. आम्ही निदान सकाळ तिथे काढली, आणि सगळ्या सफरीत तीच सकाळ अधिक लक्षात राहिली. सुरू नदी गावातून वाहते, काठाने जर्दाळूची झाडे. वस्ती मुख्यतः शिया मुसलमानांची. घरात पुरगी बोली, पण लिहिण्या-वाचण्याची भाषा उर्दू. दुकानांच्या पाट्या उर्दूत, शाळेतही उर्दू. आमचे उर्दू मिरजेत अनेकदा शाळेच्या भिंतींतच राहते. इथे ती बाजाराची भाषा होती. चहाच्या दुकानात शेजारी बसलेले गृहस्थ सरकारी शाळेत शिक्षक निघाले. शिक्षकाला शिक्षक भेटला की काय होते ते सांगायला नको. अभ्यासक्रम, हजेरी, निवडणुकीची ड्यूटी, सगळे निघाले. त्यांची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, आमची उन्हाळ्यात. आम्ही म्हटले, मग हिवाळ्यात या महाराष्ट्रात. ते हसले.

"येऊ कसे?" त्यांनी विचारले.

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. पूर्वी जोजिला हिवाळ्यात चार-पाच महिने बंद असायची. २०२२ च्या हिवाळ्यात सीमा सडक संघटनेने बर्फ लवकर काढला, तरी दोन-अडीच महिने गेलेच. लेहला विमानतळ आहे, श्रीनगरला आहे. कारगिललाही धावपट्टी आहे, पण आम्ही गेलो तेव्हा तिथे प्रवासी विमान उतरत नव्हते. हिवाळ्यात हवाई दलाचे एएन-३२ विमान अडकलेल्या लोकांसाठी जम्मू आणि श्रीनगरला फेऱ्या करते. त्याला सगळे 'कारगिल कुरिअर' म्हणतात, टपाल असल्यासारखे. नाव नोंदवायचे, यादी लागते, मग आकाशाकडे बघत बसायचे. ढग आले की फेरी रद्द, आणि यादी पुढे सरकत नाही. यादीत आजारी माणसे, बाळंतपणाला जाणाऱ्या बाया, परीक्षेची मुले, परत नोकरीवर जायचे असलेले जवान. ज्याच्याकडे पैसे आहेत तो रस्त्याने लेहला जातो आणि तिथून विमान धरतो.

"म्हणजे श्रीनगरला जायचं तर आधी उलट दिशेने लेहला?" मुलीने विचारले.

"हां बेटा. पश्चिमेला जायला आधी पूर्वेला जायचं. मग विमान आमच्याच जिल्ह्यावरून उडत आम्हाला श्रीनगरला नेतं." त्यांनी बोटाने टेबलावर रेघ काढून दाखवली. आदल्या महिन्यात आम्ही घरी पट्टी ठेवली होती तीच रेघ.

निघताना त्यांनी सुकवलेल्या जर्दाळूंची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. फोन नंबर दिले-घेतले. वाटेत मुन्शी अझीझ भट यांच्या नावाचे छोटे खासगी संग्रहालय पाहिले. त्यांची सराय कारगिलमध्ये होती. यारकंद, लेह, श्रीनगर आणि पंजाबच्या बाजारांकडे जाणारे काफिले तिथे थांबत. खोगिरे, गालिचे, साबणाच्या वड्या, रंगांचे डबे, व्यापाऱ्यांच्या उर्दू-फारसी चिठ्ठ्या. त्या काळी श्रीनगर ते लेह हा साधारण पंधरा-सोळा मुक्कामांचा प्रवास होता. चांगथांगच्या बकऱ्यांची पश्म याच वाटेने काश्मीरला यायची आणि तिथे तिच्या शाली व्हायच्या. आज विमान ज्यांना ओलांडून जाते ती गावे त्या काळी प्रत्येक प्रवाशाचा मुक्काम होती.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता उंच पण चांगला. मुलबेखला कड्यात कोरलेली मैत्रेयाची उभी मूर्ती. तिथून पुढे मशिदींच्या जागी मठ दिसू लागतात. नामिका ला, मग फोतू ला. ही खिंड ४,१०८ मीटरची, या रस्त्यावरची सर्वांत उंच. इथे अम्मींचे डोके दुखायला लागले. थांबलो नाही, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उतरत गेलो, पाणी पाजत राहिलो. लामायुरूपर्यंत बरे वाटले. मुलाचे लक्ष श्रीनगरला घेतलेल्या वेफर्सच्या पाकिटाकडे होते; खिंडीत ते फुग्यासारखे टम्म फुगले होते. बाहेरचा दाब कमी झाला, आतली हवा तेवढीच. वर्गात हा प्रयोग दाखवायला किती खटपट करावी लागते! मग खालत्से, सिंधू नदी, निम्मूला तिला मिळणारी झंस्कार, आणि संध्याकाळी लेह.

लेहमध्ये पहिला दिवस आम्ही नुसती विश्रांती घेतली. त्याच सकाळी दिल्लीहून विमानाने एक तरुण जोडपे आमच्या गेस्ट हाउसमध्ये आले. पहिले दोन दिवस दगदग नको, असे विमानतळावर सांगतात; पण चारच दिवस हाताशी होते, म्हणून दोघे दुपारीच मठ बघायला गेले. रात्री नवऱ्याला ओकाऱ्या आणि धाप. गेस्ट हाउसच्या मालकाने गाडी काढून दवाखान्यात नेले, रात्रभर ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी ठीक झाला. त्या वेळी अम्मी शेजारच्या खोलीत शांत झोपल्या होत्या. सदुसष्ट वर्षांच्या अम्मी आणि अठ्ठावीस वर्षांचा तो तरुण, फरक फक्त वाटेत घालवलेल्या वेळेचा होता असे आम्ही छातीठोक म्हणणार नाही. प्रकृती प्रत्येकाची वेगळी. पण वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी जाताना रस्ता आणि येताना विमान असाच क्रम ठेवावा, हे आमचे ठाम मत आहे. उलटा क्रम ठेवला तर विमानाचा वाचलेला दिवस अंथरुणात जातो. आणि दमा किंवा हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याच वाटेने जाऊ नये.

लेहची जामा मशीद ऐन बाजारात आहे, सतराव्या शतकातली, मागे राजवाडा. जुम्माची नमाज तिथे झाली. शेजारी बसलेल्या वयस्कर चाचांचे पूर्वज काश्मिरी व्यापारी, पूर्वजा लदाखी. अशा घराण्यांना इथे अर्गोन म्हणतात. शे गावची मशीदही पाहिली. मातीच्या भिंती, लाकडी खांब, आत पंधरा-वीस माणसे मावतील एवढीच जागा.

परतीसाठी श्रीनगरचे थेट विमान धरले. थेट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण इथे तिकीट काढताना अनेकांचा घोळ होतो. दिल्ली-लेह विमाने पुष्कळ, दिल्ली-श्रीनगर त्याहून जास्त. पण श्रीनगर-लेह थेट विमान मोजकेच, तेही कधी आठवड्यातून ठरावीक दिवशी, कधी हंगामापुरते. थेट मिळाले नाही तर संगणक दिल्लीमार्गे तिकीट दाखवतो : लेह-दिल्ली सुमारे ६२२ किलोमीटर, दिल्ली-श्रीनगर सुमारे ६४२. म्हणजे २५६ किलोमीटरसाठी १,२६४, जवळजवळ पाचपट, आणि मधला थांबा धरून अख्खा दिवस.

लेहची विमाने बहुतेक सकाळीच. दुपारी दरीत वारा सुटतो, शिवाय ऊन वाढले की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. धावपट्टीच्या एका अंगाला डोंगर असल्याने विमाने स्पितुक मठाच्या बाजूने उतरतात आणि त्याच बाजूला उडतात. ढग आले की सगळे ठप्प. आमचे पहिल्या दिवसाचे उड्डाण तसेच रद्द झाले. कंपनीच्या खिडकीवर कोणी नीट उत्तर देईना. तीन तासांनी उद्या या म्हणून सांगितले. म्हणून आमचा सल्ला असा की लेहहून निघायच्या दिवसाला लागून मुंबईचे पुढचे तिकीट कधीही काढू नये. एक दिवस हाताशी ठेवावा.

दुसऱ्या दिवशी आकाश निळे. कसून झडती झाली, सामानाची ओळख पटवली, विमानात बसलो. मुलाने गेस्ट हाउसमध्येच पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवली होती. विमान उडाले आणि वर चढू लागले तशी बाटली आत चेपू लागली. सगळे वर जात असताना बाटलीला खाली उतरल्यासारखे वाटत होते! कारण सोपे आहे. प्रवासी विमानात हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो त्याहून कमी होऊ देत नाहीत. लेहची जमीन त्याहून उंच. म्हणून लेहहून उडताना विमान चढते आणि आपले शरीर उतरते. लेहला जाताना याच्या उलट, विमान उतरते तेव्हा शरीर चढत असते. अम्मी म्हणाल्या, "अब साँस अच्छी आ रही." विमान तेव्हा हिमालयाच्या वर होते.

डाव्या खिडकीतून नून-कून दिसली, ७,१३५ आणि ७,०७७ मीटर, इतकी जवळ की बर्फातल्या भेगा मोजाव्यात. खाली एक दरी, तिच्यात बारीक रेघेसारखी नदी. सुरूच असावी, असे मुलगी म्हणाली. नकाशाप्रमाणे तेच बरोबर होते. कारगिल उत्तरेला, डोंगरांच्या आड. मग पांढरे शिखर-शिखर संपले, हिरवे दिसू लागले, आणि एअर होस्टेसने खिडक्यांचे पडदे ओढायला लावले. श्रीनगर फौजी विमानतळ आहे, उतरताना बाहेर बघायची मुभा नव्हती.

हवेत चाळीस मिनिटेही झाली नव्हती. जेट विमानाला सपाटीवर २५६ किलोमीटर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे काम; इथे आधी उंच चढायचे आणि लगेच उतरायचे असते. वेळापत्रकातल्या पन्नास मिनिटांत जमिनीवरचे रांगणेही धरलेले असते. गेस्ट हाउसच्या दारापासून श्रीनगरच्या हॉटेलच्या दारापर्यंत आमच्या घड्याळात सहा तास झाले. रद्द झालेला दिवस धरला तर तीस.

जुहरच्या वेळी अम्मींनी विचारले, चाळीस मिनिटांच्या सफरीला कसर लागते का? लागते. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत मोजमाप तीन दिवसांच्या चालीचे आहे, आणि डोंगरात डोंगराची चाल धरावी असे सांगितले आहे. पुढे उलेमांनी त्याचे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर ठरवले. ते अंतर तुम्ही किती वेळात कापता याने फरक पडत नाही. मंजिल तीच राहते. आम्ही दोन रकात पढलो.

कारगिलच्या शिक्षकांशी फोनवर बोलणे चालू राहिले. २०२३ च्या जानेवारीत जोजिला बंद झाली. महिनाअखेरीस त्यांचा फोन आला. थोरल्या भावाच्या छातीत दुखत होते, श्रीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवायचे होते. कुरिअरच्या यादीत नाव लागले होते, पण चार दिवस ढग हटत नव्हते. लेह-श्रीनगर थेट विमानात जागा नव्हती. शेवटी भावाला घेऊन ते गाडीने लेहला गेले, २१६ किलोमीटर. लेहहून विमानाने दिल्ली. दिल्लीला एक रात्र. दिल्लीहून श्रीनगर. मुलीने बेरीज केली, १,४८० किलोमीटर होतात, रस्त्याने २०२.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला, उर्दूत, दोनच शब्दांचा : "पहुँच गए." भावाला स्टेंट बसवला, आता तब्येत बरी आहे. जोजिला त्या वर्षी ६८ दिवसांनी, १६ मार्चला उघडली. ते दोघे त्या आठवड्यात रस्त्याने घरी गेले.